जीव घेण्याची मुभा कुठवर?

एकतीस वर्षे माढा आणि बार्शीच्या कोर्टांत मी फौजदारी वकिली केली. मोडनिंबचे आमचे घर पुणे-सोलापूर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे निवृत्तीनंतरही माणसे येता-जाता थांबतात, चहा घेतात आणि फुकटचा सल्ला घेऊन जातात. डाळिंबाचा तोडा जवळ आला की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. "वकीलसाहेब, रात्री रानात चोर घावला आन हाणामारीत मेला, तर माझं काय हुतंय?"

गेल्या मोसमात हाच प्रश्न एका ओळखीच्या बागायतदाराने विचारला. फक्त त्याच्या डोक्यात हाणामारी नव्हती. दोन रात्री राखण करून तो कंटाळला होता आणि बागेच्या कुंपणाच्या तारेत घरातली वीज सोडण्याच्या विचारात होता. मी नको म्हणालो. "का नको? चोरी त्यानं करायची आन भ्यायचं मी?" या सवालाला दारात उभ्याउभ्या देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. हा लेख म्हणजे तेच उत्तर. ते लांबत लांबत धुळे, नाशिक आणि येरवड्यापर्यंत गेले, त्याला माझा इलाज नाही.

आधी कायदा पाहू. खासगी बचावाचा हक्क हा आपल्या फौजदारी कायद्यातला फार जुना भाग. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये ती मंजूर झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण बचावाची कलमे (आता ३४ ते ४४) जवळपास जशीच्या तशी उचलली आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्या कुणाचाही जीव वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तर तो गुन्हा नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्काराचा हल्ला, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हा हक्क मारण्यापर्यंत जातो. मालमत्तेसाठीही जातो, पण मोजक्या ठिकाणी: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा जिवाची भीती वाटावी अशा रीतीने केलेली चोरी. नुसती डाळिंबे तोडून पोत्यात भरणाऱ्याचा जीव घेण्याची मुभा नाही. त्याला धरता येते, अडवता येते, त्यासाठी लागेल तेवढेच बळ वापरता येते.

मर्यादा तीन. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही. आणि धोक्याची भीती जिवंत आहे तोवरच हक्क जिवंत. भीती सरली की तोही सरला. बचाव करताना एखाद्याने सद्भावनेने मर्यादा ओलांडली आणि समोरचा मेला, तर तो खून धरत नाहीत, सदोष मनुष्यवध धरतात. अंगावर कुऱ्हाड घेऊन आलेल्यासमोर माणूस घाव मोजत बसत नाही, हे न्यायालयांना समजते. असा बचाव सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, असे वरिष्ठ न्यायालयांनी कितीदा तरी म्हटले आहे.

ही कलमे मी शेकडो वेळा वाचली असतील. पण त्यांत काय नाही याकडे माझे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. समोरचा माणूस मरायच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न त्यांत कुठेही येत नाही. हल्लेखोर वेडा असला, अजाण मूल असले, गैरसमजाने धावून आलेला असला, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याने गुन्हाच केलेला नसला, तरी त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क तेवढाच आहे. उलट, दहा खून केलेला माणूस हात बांधून समोर बसला असेल तर त्याला मारण्याचा हक्क कुणालाच नाही. कायदा विचारतो ते एवढेच की, या घटकेला दुसरा मार्ग होता का?

तारेतल्या विजेचे उत्तर इथे मिळते. तारेला घटका कळत नाही. चोर, रानडुक्कर, शेजाऱ्याचे वासरू आणि रस्ता चुकलेले पोर, सगळे तिला सारखेच. बागायतदार घरात झोपलेला असताना तार निवाडा करून टाकते.

जनावराच्या बाबतीतही कायद्याची वाट हीच आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली. उसाला पाणी द्यायला रात्री कुणी जाईना, बायका सरपणाला बाहेर पडेनात. शेवटी त्याला गोळी घातली गेली आणि मोडनिंबकरांनीही सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. पण वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ सांगते की, पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा हुकूम देता येत नाही, आणि कारणे लेखी द्यावी लागतात. बिबट्या दोषी आहे की निर्दोष हा सवालच तिथे नाही. पिंजऱ्यात आला असता तर तो जगला असता, मग त्याने कितीही माणसे मारलेली असोत.

आता राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे उतरली. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याची. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या महिन्यात व्हॉट्सॲपवरून महाराष्ट्रभर फिरत होते. कुणालातरी संशय आला, गर्दी जमली. पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. आलेल्या पोलिसांनाही जमावाने जुमानले नाही.

मंगळवेढा आमच्यापासून दूर नाही. डवरी गोसावी मोडनिंबच्या दारांतही येतात. माझी आई त्यांना सूपभर ज्वारी घालायची आणि मग त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायची. त्या जूनमध्ये तोच निरोप माझ्याही फोनवर आला होता. नात तेव्हा चार वर्षांची. मी तो भावकीच्या ग्रुपवर पुढे पाठवला, वर 'काळजी घ्या' असे लिहिले. तीस वर्षे साक्षीदारांना 'तुम्ही स्वतः पाहिले का?' असे विचारणाऱ्या माणसाने एकदाही स्वतःला तो प्रश्न विचारला नाही. माझ्या निरोपाने कुणी मेले नाही, हे खरे. तो निरोप मी पुसलाही नाही, हेही खरे.

राईनपाड्याच्या जमावाला राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते जमत नाही. त्यांतल्या पुष्कळांना आपण लेकरे वाचवतो आहोत असेच वाटत असणार. आणि ही भीती अगदीच हवेतून आलेली नव्हती. १९९६ मध्ये उघडकीला आलेले कोल्हापूरचे बालहत्या प्रकरण आमच्या पिढीला चांगले आठवते. एक आई आणि तिच्या दोन मुली खरोखरच मुले पळवत होत्या. चोऱ्यांसाठी त्यांचा वापर करून पुढे त्यांना मारत होत्या. पाच मुलांच्या खुनांबद्दलची दोघी बहिणींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये कायम झाली. म्हणजे पोरे पळवणारी टोळी ही महाराष्ट्राने पाहिलेली गोष्ट आहे.

म्हणून क्षणभर समजू की संशय खरा होता, त्या पाचजणांतल्या एकाने खरेच एखादे मूल उचलून पळ काढला होता. बाजारात त्याला अडवताना, मूल सोडवताना दुसरा मार्ग नसल्याने त्याचा जीव गेला असता, तर कायदा बापाच्या किंवा कुणाही वाटसरूच्या पाठीशी उभा राहिला असता. अपहरणासाठी कलमात मुभा आहे. पण पाचहीजण खोलीत कोंडले गेले, त्या घटकेला कुठलेही मूल धोक्यात नव्हते. दाराला बाहेरून कुलूप लावून पोलिसांची वाट पाहता येत होती. त्यानंतरचा प्रत्येक घाव शिक्षेचा होता आणि ती शिक्षा पुरावा न पाहता दिलेली होती. संशय खोटा निघाला म्हणून राईनपाडा भयंकर, असे आपण म्हणतो. माझ्या मते तो खरा निघाला असता तरी खोलीतल्या हत्येला कसलाही आधार नव्हता.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या वर्गात शिकवली जाते, पण प्रत्यक्षात उच्चारायला जड जाते. त्या खोलीत खासगी बचावाचा हक्क होता तो त्या पाच गोसाव्यांना. कलम ४४ मध्ये मेकॉलेच्या काळापासूनचा एक दाखला आहे: जमाव एखाद्याला ठार मारायला आला आहे, गोळी झाडल्याशिवाय तो वाचत नाही आणि गर्दीत लहान मुलेही आहेत. त्याने गोळी झाडली आणि एखाद्या मुलाला इजा झाली, तरी त्याचा गुन्हा नाही. कायदा इतक्या टोकाला जातो. राईनपाड्यात त्या हक्काचा वापर करता येईल असे काहीही त्यांच्या हातात नव्हते. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत एवढे अंतर असते.

धोका टळल्यावर माणूस मारण्याचा अधिकार आपल्या व्यवस्थेत फक्त राज्यसंस्थेने स्वतःकडे ठेवला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद झाला. फाशी द्यायची तर न्यायाधीशाने खास कारणे लिहायची. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनेत बसते असे ठरवले, पण 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांतच, आणि दुसऱ्या शिक्षेचा पर्याय निःसंशय संपला असेल तरच. पाहा, इथेही पुन्हा तोच सवाल आहे: दुसरा मार्ग होता का? फक्त घटकेच्या जागी आता वर्षे आहेत, फायली आहेत, अपील आहे. कोंडलेल्या माणसाविषयी निवांत विचार करायला राज्याकडे वेळ असतो. मग त्याचा निवाडा तरी पक्का असतो का?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतातल्या वस्तीवर रात्री दरोडा पडला. पाचजणांचे खून झाले, बलात्कार झाले. मृतांत शाळकरी वयाची मुलगी होती. वाचलेल्यांत घरची बाई होती. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप रद्द करून सहाही जणांना फाशी दिली. पुनर्विलोकनाची याचिकाही फेटाळली गेली.

तो निकाल मी तेव्हा वाचला होता आणि योग्यच झाले असे मला वाटले होते. गुन्हा असा होता की वाचतानाच हात थरथरावा.

त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका पीठाने निराळ्या खटल्यात दाखवून दिले की, १९९६ च्या एका निकालापासून काही पीठे फक्त गुन्ह्याची भीषणता पाहून फाशी देत आली. गुन्हेगार कोण, कुठल्या परिस्थितीतला, सुधारेल का, हे पाहायचे बच्चनसिंगचे बंधन त्यांनी सोडले. म्हणजे ते निकाल चुकीच्या पायावर उभे होते. तोवर राजस्थानातले दोघे १९९६ आणि १९९७ मध्ये फासावर गेलेले होते. २०१२ मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहून अशाच चुकीमुळे फाशीच्या कोठडीत असलेल्या तेराजणांची शिक्षा बदलण्याची विनंती केली. त्यांत नाशिकच्या खटल्यातलेही होते.

पण नाशिकची चूक त्याहून खोल निघाली. फाशीच्या प्रकरणांत पुनर्विलोकन उघड्या न्यायालयात, वकिलांचे म्हणणे ऐकून व्हावे, असा निकाल २०१४ मध्ये आला होता. त्याच्या आधारे हे प्रकरण पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. आरोपी गरीब आणि भटके असल्यामुळे त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झाले होते. सोळा वर्षे तुरुंगात काढल्याबद्दल प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकलेल्या पोलिसांवर कारवाईचा आदेश झाला.

सहाही जण सुटताना जिवंत होते ते आपल्या व्यवस्थेच्या दिरंगाईमुळे. आमच्याकडे लोक न्यायाला उशीर होतो म्हणून चिडतात आणि बरोबरच चिडतात. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणींची फाशीही सरकारने दयेच्या अर्जात वर्षानुवर्षे घालवल्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. ते वाचून मलाही संताप आला होता. त्याच दिरंगाईने नाशिकचे सहा जीव राखले. या दोन गोष्टी मला एका माळेत ओवता येत नाहीत.

फाशी मागणारे सगळे रक्ताचे तहानलेले असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीच्या मुलीवर जे झाले, त्यानंतर महाराष्ट्रभर मूक मोर्चे निघाले. मी सोलापूरच्या मोर्चात होतो. लाखोंच्या गर्दीत घोषणा नव्हती. शेजारून चालणाऱ्या एका बाईच्या हातात 'फाशी' लिहिलेला पुठ्ठा होता आणि ती रडत होती. तिला कुणाचा जीव हवा होता असे मला वाटले नाही. आमच्या मुलीच्या जिवाची किंमत या राज्यात काय, असे ती विचारत होती, आणि ते विचारायला फाशीखेरीज दुसरा शब्द आपल्या सार्वजनिक भाषेत उरलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली, तेव्हा आमच्या चौकात पेढे वाटले. मी पेढा घेतला. नाशिकचा २०१९ चा निकाल अजून यायचा होता. तो आधी आला असता तर मी पेढा परत केला असता का, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हा विषय बोलताना आणखी एका जागी थांबावे लागते. सातवीत असताना शाळेने आम्हाला सोलापूरला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेले होते. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली, चिडलेल्या जमावाच्या हातून दोन पोलिस मारले गेले. १२ मेपासून शहरावर मार्शल लॉ आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. या चौघांचा त्या हत्येशी संबंध नव्हता, पुढारी म्हणून त्यांना गोवले, अशी सोलापूरची पक्की धारणा आहे आणि मीही त्याच धारणेत वाढलो.

वकिली करू लागल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. त्या चौघांविषयी आम्ही एकाच भाषणात दोन गोष्टी म्हणतो. ते निर्दोष होते आणि तरी त्यांना फासावर चढवले, ही एक. परकीय सत्तेविरुद्ध पेटलेल्या जनतेचा उद्रेक न्याय्य होता, ही दुसरी. पहिली खरी असेल तर १९३१ ची फाशी ही नाशिकसारखीच, न्यायालयाच्या शिक्क्याने झालेली चूक. फरक एवढाच की इथे सुधारायला वेळ उरला नाही. दुसरी म्हणायची तर त्या दोन पोलिसांचे मरण न्याय्य होते का, हे सांगावे लागते. गोळीबार चालू असताना त्यांच्यावर तुटून पडणे निराळे आणि हाती सापडल्यावर मारणे निराळे. नेमके काय झाले हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण आमच्या बाईंनी त्या पोलिसांची नावे सांगितली नाहीत आणि आम्हीही विचारली नाहीत. दर १२ जानेवारीला मी हात जोडतो आणि यापुढेही जोडेन. जमावाच्या हातून मेलेल्यांचा विचार माझ्या मनात आला तो मात्र राईनपाड्यानंतर.

जमावाने घेतलेल्या जिवांसाठी नव्या संहितेत कलम १०३(२) आले आहे. वंश, जात, भाषा अशा किंवा तत्सम कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर जन्मठेप किंवा फाशी. अफवा त्या 'तत्सम कारणा'त बसते का, यावर वकील वाद घालतील. मला त्या ओळीतला शेवटचा शब्द खटकतो. पण तुमच्या मंगळवेढ्याच्या शेजाऱ्यांना मारणाऱ्यांना काय द्यायचे, असे कुणी विचारले तर जन्मठेप म्हणताना माझाही आवाज थोडा खाली येतो.

बागायतदाराला हे सगळे ऐकवले नाही. त्याला एवढेच सांगितले की घरची वीज तारेत सोडलीस आणि कुणी मेले तर मी तुझा वकील नाही, दुसरा बघ. आठ दिवसांनी तो परत आला. दुकानातून झटका मशीन आणले होते, बॅटरीवरचे. हात लागला की दणका बसतो, पण जीव जात नाही. पावती मला दाखवली.

"म्हंजे आता चोर मरत न्हाई," तो म्हणाला, "पर पळून तर जाईल की वो, साहेब."

"जाईल," मी म्हणालो.

तो थोडा वेळ बसला, चहा संपवला आणि तारेला किती फुटांवर खुंट्या माराव्यात हे विचारायला शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे गेला.